महामारीतील कायदा आणि नीती : यात करिअर होते का?

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या यंदा बारावी विज्ञानला असून नीटची तयारी करत आहे. मात्र महामारीच्या काळात उभे राहणारे कायद्याचे आणि नीतीचे प्रश्न अभ्यासायचे आहेत, असे ती आता म्हणते. 2021 मध्ये तिच्या आजोबांसाठी आपण नागपूरभर खाट शोधत होता, तेव्हापासून ‘खाट कोणाला द्यायची, हे ठरवते कोण?’ हा प्रश्न तिच्या मनातून गेलेला नाही, असे आपण लिहिले आहे. यात पोट भरेल का, ही आपली काळजी रास्त आहे.

मात्र तिचा प्रश्न बालिश समजू नये. मुंबईत प्लेग पसरला असताना 1897 मध्ये झालेला साथरोग अधिनियम शासनाला आदेश काढण्याचे अधिकार देतो आणि ते मोडणाऱ्यास शिक्षा सांगतो. 2020 च्या दुरुस्तीने त्यात आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा आली. शेवटची खाट तरुण रुग्णाला द्यावी, आधी आलेल्याला द्यावी की वाचण्याची शक्यता अधिक असलेल्याला, याविषयी त्यात काहीही नाही. एप्रिल 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने नागपूरसाठी रेमडेसिविर या कोविड रुग्णांना दिल्या जाणाऱ्या औषधाच्या 10,000 कुप्या पुरवण्याचा आदेश राज्य शासनाला दिला. शहराला त्याची निकड होती, याबद्दल शंका नाही; परंतु साठा अपुरा असताना इथे आलेली कुपी दुसऱ्या एखाद्या जिल्ह्याला मिळत नाही आणि त्या जिल्ह्यातील रुग्ण न्यायालयासमोर नसतो. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्वाळा देतानाच सार्वजनिक आरोग्यासाठी व्यक्तीच्या हक्कांवर वाजवी मर्यादा घालता येतात, हेही मान्य केले. ती मर्यादा नेमकी कुठे आखावी, यावर पुढच्या साथीतही वाद होणार आणि तो मांडायला वैद्यकशास्त्र समजणारे वकील लागणार आहेत.

आता पोटापाण्याविषयी. ‘महामारी कायदातज्ज्ञ’ नावाची नोकरी नसते. आधी चांगला वकील व्हावे लागते आणि वकिलीची पहिली काही वर्षे मिळकत तुटपुंजी असते, याची तयारी घरच्यांनी ठेवावी. पुढे जनहित याचिका, रुग्णालयांचे व विमा कंपन्यांचे कायदेशीर सल्लागार, आरोग्य धोरणावर काम करणाऱ्या संस्था अशी कामे मिळतात. औषधांच्या चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या नीतिशास्त्र समितीत 2019 च्या नियमांनुसार किमान सात सदस्य असावे लागतात आणि त्यांत एक कायदेतज्ज्ञ असावाच लागतो. हे पगाराचे पद नव्हे, पण आपल्या कन्येला ज्या प्रश्नांची ओढ आहे, ते तिथे प्रत्यक्ष कागदावर येतात.

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाला विज्ञान शाखेची अडचण नाही. नागपुरातच वारंगा येथील महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठात क्लॅट या देशपातळीवरील विधी प्रवेश परीक्षेतून आणि नागपूर विद्यापीठाच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालयात राज्याच्या सीईटीमधून प्रवेश मिळतो. पदवीनंतर बंगळुरूच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची वैद्यकीय कायदा व नीतिशास्त्राची पदविका किंवा मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करता येतो. एमबीबीएसनंतर तीन वर्षांची विधी पदवी घेण्याचा मार्गही आहे. पण रुग्ण तपासण्याची इच्छाच नसलेल्या मुलीला त्यासाठी नीटचे वर्ष पुन्हा द्यायला लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

निर्णयापूर्वी तिला खंडपीठाचा त्या काळातील एक आदेश पूर्ण वाचू द्या, आणि न्यायालयाने काय ठरवले व काय ठरवले नाही, हे दोन पानांत लिहायला सांगा. तिचे मन त्यात रमले, तर क्लॅटचा अर्ज भरावा. अलीकडे ही परीक्षा डिसेंबरमध्ये, म्हणजे बोर्डाच्या आधीच होते. त्यामुळे निकालाची वाट पाहत थांबू नये.

आपला,
करिअर मार्गदर्शक, नागपूर