ऑफिसच्या टेबलावरून : “सर, नंतर आणून देतो”

प्रश्न : ताई नमस्कार. मी एका फार्मसी कॉलेजात क्लार्क म्हणून नुकताच लागलोय, वय २३. प्रवेशाचं टेबल माझ्याकडे दिलंय. बी. फार्म, डी. फार्म मिळून दीडशेच्या वर फायली आहेत आणि खरं सांगायचं तर निम्म्या फायलीत काही ना काही कमी आहे. पोरं म्हणतात सर नंतर आणून देतो, प्राचार्य म्हणतात आधी प्रवेश करून घ्या, आणि ओएस (ऑफिस सुपरिंटेंडंट) म्हणतात एआरएला (प्रवेश नियामक प्राधिकरणाला) फायली जायच्या वेळी माझ्या तोंडाकडे बघू नकोस. कुठून सुरुवात करू?

उत्तर : तुला ‘तू’च म्हणते हं, माझा धाकटा तुझ्याच वयाचा आहे. एकतीस वर्षं मी हेच टेबल सांभाळलं आणि “नंतर आणून देतो” ऐकलं नाही असा एकही जुलै गेला नाही, तर ते बंद होईल ही आशा आधी सोड. पोरगं बहुतेक वेळा खोटं बोलत नसतं, त्याचं नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र खरंच प्रांत ऑफिसला अडकलेलं असतं. कागद आज नाही हे एकवेळ चालतं रे, पण काय नाही ते फाईलच्या तोंडावर लिहिलेलं नाही हे नाही चालत. दीडशे फायली तुझ्या डोक्यात राहणार नाहीत आणि तू रजेवर गेलास की दुसऱ्या कुणाला काही कळणार नाही.

म्हणून प्रत्येक फाईलला वर एक पान लाव. त्यावर सगळ्या कागदांची नावं, समोर बरोबरची खूण, आणि खाली त्रुटी. त्रुटी म्हणजे नुसतं “कागद बाकी” असं नाही, “जातीची व्हॅलिडिटी नाही, जात पडताळणी समितीची पावती दिली, अमुक तारखेपर्यंत आणणार” असं पूर्ण वाक्य, त्याखाली पोराची सही आणि घरचा नंबर. घरचा म्हणजे आईवडिलांचा, कारण पोरांचे नंबर दिवाळीपर्यंत बदलतात, अनुभव आहे. हीच त्रुटी एका एक्सेलमध्येही टाक आणि दर शनिवारी तासभर फक्त फोन करायला बस. पावतीवर प्रवेश घेतलेल्यांना सगळ्यात आधी फोन, कारण प्रवेशफेऱ्या चालवणाऱ्या सीईटी सेलने दिलेल्या मुदतीत ओरिजिनल आलं नाही तर त्या पोराची राखीव जागेची पात्रता जाते आणि तो ओपनमध्ये धरला जातो, मग रडारड तुझ्याच टेबलासमोर होते.

आता कागद आहे पण उपयोगाचा नाही, हा खरा घोळ. नॉन क्रिमीलेअर हातात आलं की आधी तारीख बघायची, माणूस नंतर. त्याची मुदत ३१ मार्चला संपते आणि पोरं जुलैमध्ये बिनधास्त गेल्या वर्षीचं घेऊन येतात, वर लॅमिनेशन केलेलं. उत्पन्नाचा दाखला म्हणजे नॉन क्रिमीलेअर असं समजणारे पालकही खूप, त्यांच्यावर चिडू नकोस, सेतूतल्या पोराने जे हातात दिलं ते घेऊन आलेले असतात. मग नावं. आधारवर नाव आधी आणि मार्कशीटवर आडनाव आधी, ही तफावत नाही. पण वैष्णवीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटी एकीकडे आय आणि दुसरीकडे डबल ई असेल तर ती तफावत, आणि ती आत्ताच लिहून ठेव, नाहीतर महाडीबीटीचा शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना नोव्हेंबरात उगवते. शिक्षणात गॅप असेल तर ॲफिडेव्हिट, दुसऱ्या बोर्डातून आलेला असेल तर मायग्रेशन सर्टिफिकेट, हे तुला माहीतच असेल.

फायली आडनावाने लावू नकोस. एका वर्गात चार पाटील असतात आणि त्यातले दोन राहुल निघतात. जनरल रजिस्टरचा नंबर टाक आणि त्याच क्रमाने कपाटात लाव.

आणि यू-पिन वापरू नकोस! हे मी फार मनापासून सांगते. एका पोराचं ओरिजिनल जातीचं प्रमाणपत्र माझ्या टेबलावरून गायब झालं होतं. बिचारा साठ किलोमीटरवरून एसटीने तीन वेळा आला, तिसऱ्या खेपेला वडीलही सोबत, ते काही बोलले नाहीत पण टोपी काढून हातात धरून उभे राहिले, ते मला अजून आठवतं. आम्ही गठ्ठेच्या गठ्ठे उलथे केले. आठवड्याने सापडलं, शेजारच्या फाईलच्या यू-पिनीत मागच्या बाजूने अडकलेलं. तेव्हापासून पंच करून टॅग, आणि टॅगमध्ये फक्त झेरॉक्स. ओरिजिनल टेबलावरच झेरॉक्सशी ताडून, “मूळ प्रतीवरून पडताळले” लिहून सही करायची आणि त्याच मिनिटाला परत. शाळा सोडल्याचा दाखला तेवढा आपल्याकडे जमा, कारण पुढचा दाखला आपण काढणार.

प्रवेशाचे कागद स्वतःच्या व्हॉट्सॲपवरही मागवू नकोस. सोपं वाटतं, पण पोरांचे आधार तुझ्या गॅलरीत लग्नाच्या फोटोंमध्ये पडून राहतात, आणि फोन बिघडला की कागदही गेले.

प्रश्न : मुलीने दुसऱ्या फेरीत चांगलं कॉलेज मिळालं म्हणून आधीचा प्रवेश रद्द केला, पण ते म्हणतात पूर्ण फी भरा तरच दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कशीट देतो. असं करता येतं का? एक आई.

उत्तर : नाही हो. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ऑक्टोबर २०१८ मध्येच काढलंय की कागद पडताळायचे आणि परत द्यायचे, ताब्यात ठेवायचे नाहीत. तोंडी भांडत बसू नका, ते तुम्हाला खुर्चीवर बसवून ठेवतील आणि दिवस जाईल. प्राचार्यांच्या नावाने साधा अर्ज करा, कोणते कागद कधी दिले ते लिहा, आणि आवक शिक्का मारलेली त्याची एक प्रत तुमच्याकडे ठेवा. शिक्का द्यायला नकार दिला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोचपावती जपा. पुढे विद्यापीठाकडे किंवा यूजीसीकडे तक्रार करायची वेळ आली तर हीच प्रत जोडायची. आणि पुढच्या कॉलेजात ओरिजिनल दाखवायला द्याल तेव्हा मुलीला खिडकीपाशीच उभं राहायला सांगा, परत हातात पडेपर्यंत.