ब्रिटनच्या जुन्या लोकलमध्ये उतरताना खिडकीतून हात बाहेर का घालावा लागे?

कारण बऱ्याच डब्यांच्या दाराला आतून मूठच नसे. काच खाली सरकवायची, हात बाहेर घालायचा आणि मूठ फिरवायची. लंडनच्या दक्षिणेकडच्या, तिसऱ्या रुळावरून ७५० व्होल्ट डीसी वीज घेणाऱ्या गाड्यांत हे रोजचं होतं. ४-व्हेपसारख्या चार डब्यांच्या गाडीत आसनांच्या जवळजवळ प्रत्येक कप्प्याला स्वतंत्र दार, म्हणून लंडनच्या वॉटर्लू स्थानकात गाडी झटक्यात रिकामी व्हायची. आजच्या डब्याच्या दोन सरकत्या दारांना ते जमत नाही, हे मान्य करावंच लागेल.

गोची कुलपात होती. दार जोरात आपटलं नाही, तर जीभ अर्धवट अडके आणि दार वरवर बंद दिसे. फलाटावरचे कर्मचारी म्हणून मुठी बघत: आडवी असेल तरच दार नीट लागलेलं. शिवाय गाडी थांबण्याआधीच दार उघडून उडी मारणारे होतेच!

१९८८च्या, लंडनमधल्या क्लॅपहॅम रेल्वे अपघातात ३५ जण गेले. टकरीत हे जुने सांगाडे किती कमजोर, ते तिथे दिसलं. मुख्य मार्गांवरून या गाड्या २००५मध्ये गेल्या. दक्षिण इंग्लंडमधल्या लिमिंग्टनच्या छोट्या फाट्यावर मात्र दारांना मध्यवर्ती (एकाच ठिकाणाहून सगळी दारं बंद करणारं) कुलूप बसवून २०१०पर्यंत धावल्या.