डोमिनिक हाशेकला ‘डॉमिनेटर’ का म्हणायचे? आइस हॉकीतला तो खरंच एवढा मोठा गोलरक्षक होता का?

‘डॉमिनेटर’ म्हणजे वर्चस्व गाजवणारा, डोमिनिक या नावाशी जुळणारं टोपणनाव. आणि हो, माझ्या मते त्याच्या तोडीचा दुसरा झाला नाही. चेकोस्लोव्हाकियातल्या पार्दुबित्सेचा हा मुलगा. उत्तर अमेरिकेतल्या एनएचएल या व्यावसायिक लीगमधल्या शिकागो संघाने त्याला १९८३ मध्येच निवडलं होतं, पण प्रत्यक्ष अमेरिकेत पोहोचायला १९९० उजाडलं. तिथे एड बेलफोर हा गोलरक्षक आधीच असल्याने संधी क्वचितच मिळायची. १९९२ मध्ये बफेलो संघात गेला आणि नशीब पालटलं. लीगमधल्या सर्वोत्तम गोलरक्षकाची वेझिना ट्रॉफी ६ वेळा. शिवाय १९९७ आणि १९९८ मध्ये हार्ट ट्रॉफी, म्हणजे अख्ख्या लीगमधला सर्वांत मोलाचा खेळाडू. दोनदा हार्ट मिळवणारा गोलरक्षक तो एकटाच.

त्याची शैली कुठल्याही प्रशिक्षकाने शिकवली नसती. बर्फावर आडवा पडायचा, लोळायचा, पाय हवेत फेकायचा, प्रसंगी हातातली स्टिक सोडून त्याच हाताने पक (खेळातली रबरी चकती) दाबून धरायचा!

१९९८ च्या नागानो ऑलिंपिकची उपांत्य फेरी मात्र जरूर बघा. कॅनडाविरुद्ध पेनल्टी शूटआउट. फ्लूरी, बोर्क, न्यूएनडाइक, लिंड्रोस, शॅनहन असे पाच जण आले, पाचही रिकाम्या हाताने परतले. मग अंतिम सामन्यात रशियावर १-० आणि सुवर्ण. एनएचएलचं विजेतेपद, म्हणजे स्टॅनली कप, पुढे डेट्रॉइट संघाकडून, २००२ आणि २००८ मध्ये.