नसबंदी केली की हे थांबेल का?

श्रावणातल्या एका दुपारी नाशिकहून एका गृहिणीचा फोन आला. मुख्य प्रश्नावर यायला त्यांना बराच वेळ लागला. आधी लसी झाल्या, केस गळण्याचा विषय झाला आणि मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "मॅडम, आमचा बंडू दिवसातून कितीतरी वेळा काळूच्या अंगावर चढतो. पाहुणे आले की त्यांच्या पायालाही मिठी मारतो. सासूबाई तर सरळ उठून आत निघून जातात. नसबंदी केली की हे थांबेल का?" मी कुत्र्यांच्या वागणुकीविषयी सल्ला देते. एकाहून अधिक कुत्री असलेल्या घरांतून हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो आणि बहुतेक वेळा तो असाच, संकोचाने, अगदी शेवटी विचारला जातो. त्या कुटुंबाच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून हा अनुभव येथे लिहीत आहे.

घरात तीन कुत्री होती. बंडू ३ वर्षांचा लॅब्रॅडोर, काळू दीड वर्षाचा, रस्त्यावर सापडलेला गावठी कुत्रा आणि राणी ७ वर्षांची पॉमेरेनियन. तिघांपैकी कोणाचीही नसबंदी झालेली नव्हती. राणी माजावर आली की तिला तीन आठवडे नणंदेच्या घरी पाठवायचे, एवढीच आजवरची व्यवस्था होती आणि नणंदेची बदली झाल्यामुळे यंदा तीही उरली नव्हती.

मी घरी गेले तेव्हा सासऱ्यांनी त्यांचे निदान आधीच करून ठेवले होते. "तो मोठा आहे ना, म्हणून वरचढपणा दाखवतो," असे ते म्हणाले. 'वरचढ' हा शब्दच आपल्याला त्या समजुतीकडे नेतो, पण कुत्र्यांच्या बाबतीत ते स्पष्टीकरण फारसे टिकत नाही. पाच-सहा आठवड्यांची पिल्लेही खेळताना एकमेकांवर चढतात, माद्याही चढतात आणि नसबंदी झालेली कुत्रीही चढतात. कधी त्यामागे प्रजननाची प्रेरणा असते, पण बऱ्याचदा उतू गेलेला उत्साह, ताण, गोंधळ किंवा लक्ष वेधण्याची धडपड असते, तर कधी शरीरातली एखादी तक्रार असते. कारण वेगळे असेल तर उपायही वेगळा लागतो, म्हणून मी प्रथम नुसते पाहत बसले.

तेवढ्यात इस्त्रीवाल्याने बेल वाजवली. बंडू दाराकडे धावला, तिथून परत फिरला, दोन गिरक्या घेतल्या आणि तोंड उघडे टाकून धापा टाकत त्याने आपली हनुवटी काळूच्या खांद्यावर ठेवली. दोन-तीन सेकंद ती तशीच राहिली. मग पुढचे पाय काळूच्या कमरेभोवती आवळले गेले. काळू जागच्या जागी थिजला. त्याचे कान मागे गेले, जीभ नाकावरून फिरली, डोळ्यांच्या कडेचा पांढरा भाग दिसू लागला आणि घशातून बारीक गुरगुर आली. सासऱ्यांनी वर्तमानपत्राची गुंडाळी आपटली, बंडू उतरला, सगळे ओरडले आणि मिनिटभरात बंडू पुन्हा चढला. काळूला मात्र गुरगुरल्याबद्दल वेगळे रागावण्यात आले. ते मला सर्वांत जास्त खटकले. त्याच्याकडे 'नको' म्हणायला तेवढाच शब्द आहे. तो दाबला तर उद्या तो काही न सांगता चावेल. घरच्यांना सारी लाज बंडूची वाटत होती, पण त्रास काळू सोसत होता आणि गेल्या महिन्यापासून तो टीव्हीच्या टेबलाखाली झोपू लागला होता.

मी त्यांना आठवडाभर एक वही ठेवायला सांगितली. किती वाजता, कोण कोणावर चढले, त्याच्या आधीच्या मिनिटात घरात काय झाले आणि ते कशाने थांबले, एवढेच लिहायचे. वही सासूबाईंनीच लिहिली आणि फार नेटकी लिहिली. त्यातून चित्र स्वच्छ झाले. बहुतेक सर्व नोंदी बेल वाजल्यावर, संध्याकाळी मालक घरी आल्यावर, जेवणाची भांडी खडखडल्यावर आणि मुलांनी अंगणात चेंडू फेकण्याचा खेळ थांबवल्यावर लगेचच्या होत्या. दुपारी एकही नव्हती. राणीवर चढल्याची नोंद फक्त एक होती. म्हणजे बंडू प्रामुख्याने उतू चाललेला उत्साह काळूच्या पाठीवर रिकामा करत होता. एक नोंद मात्र वेगळी होती. 'रात्री बंडू स्वतःचे अंग बराच वेळ चाटत होता,' असे तीन दिवस लिहिले होते. मी त्यांना आधी पशुवैद्यकांकडे पाठवले. लघवीच्या तपासणीत संसर्ग निघाला आणि औषधोपचार झाले. वागणुकीचा सल्ला देण्यापूर्वी ही तपासणी मी टाळत नाही, कारण मूत्रमार्गाचा किंवा त्या भागातल्या त्वचेचा त्रासही कुत्र्याला असे वागायला लावू शकतो.

मग घरातला क्रम बदलला. चेंडूचा खेळ थोडा वेळच आणि एकेकट्या कुत्र्याशी. फेरफटक्याला घाई न करता वास घेत रेंगाळू द्यायचे. जेवण तिघांना वेगवेगळ्या खोल्यांत. काळूसाठी पलंगामागचा एक कोपरा राखून ठेवला आणि बंडूला तिथे पोहोचता येऊ नये म्हणून मध्ये लहान मुलांसाठी मिळते तसले फाटक बसवले. बंडूला चटईवर जाऊन बसण्याची सवय लावली. प्रथम शांत वेळी, मग मुलीने मुद्दाम बेल वाजवून आणि पुढे खऱ्या पाहुण्यांसमोर. चटईवर गेला की उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे तिथेच पसरायचे, म्हणजे नाक खाली जाते आणि श्वासही सावकाश होतो. कोणी घरात असताना त्याच्या गळ्यात हलका पट्टा मागे लोळता ठेवला, कारण चढलेल्या कुत्र्याला हाताने मानेला धरून ओढले तर तो वळून हात पकडू शकतो.

यातली खरी मेख हनुवटी ठेवण्याच्या त्या दोन-तीन सेकंदांत आहे. कुत्रे चढल्यानंतर हाक मारून फारसा उपयोग होत नाही, त्या आधी मारलेली हाक मात्र त्याला ऐकू येते. ओरडण्याने तर घरातला गलका वाढतो आणि गलका हेच बंडूच्या चढण्याचे मूळ होते. तीन आठवड्यांत वहीतल्या नोंदी निम्म्याहून कमी झाल्या आणि तोवर कोणाचीही नसबंदी झालेली नव्हती.

भाद्रपद लागला आणि सगळे पालटले. आपल्याकडे कुत्र्यांचा भाद्रपद म्हणतात तो उगाच नव्हे. गावठी माद्या बहुधा वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या उत्तरार्धात माजावर येतात. घरगुती जातींच्या माद्या साधारण सहा-सात महिन्यांनी, कोणत्याही ऋतूत येऊ शकतात. यंदा गल्लीतल्या कुत्र्या आणि राणी एकदमच माजावर आल्या. बंडू जेवेना, काळू रात्रभर दाराशी रडू लागला आणि आजवर सोसत आलेला काळू बंडूवर दात दाखवून धावून गेला. पुन्हा फोन आला, "मॅडम, चटई वगैरे सगळं वाया गेलं हो!"

काहीही वाया गेले नव्हते. हे चढणे निराळे होते आणि तिथे चटईचे काम नाही, तिथे दारे लागतात. पहिला रक्ताचा थेंब दिसल्यापासून पूर्ण तीन आठवडे राणी आणि दोन्ही नर यांच्यामध्ये दोन बंद दारे ठेवायला मी सांगितले. एक दार चुकून उघडे राहतेच, विशेषतः लहान मुले असलेल्या घरात. राणीला फिरवायचे ते पट्ट्यावर, नर आत कोंडून, वेगळ्या वेळी. त्या काळात बंडू आणि काळू यांनाही एकमेकांपासून दूर ठेवायचे, कारण माजावरच्या मादीपायी एरवीचे मित्रही जीवघेणे भांडतात. मुलीने राणीसाठी चड्डी विकत आणली होती. ती फरशीवरचे डाग वाचवते, गर्भधारणा रोखत नाही. पहिल्या आठवड्यात राणी नरांना हुसकावत होती म्हणून घरचे निर्धास्त झाले होते, पण दुसऱ्या आठवड्यात स्राव फिकट होतो आणि मादी शेपूट बाजूला करून उभी राहू लागते, तोच धोक्याचा काळ. चुकून जोडी अडकलीच तर ओढायचे नाही, मारायचे नाही. ओढल्याने दोघांनाही इजा होते आणि पाच ते तीस मिनिटांत ती आपोआप सुटतात. मग त्याच दिवशी पशुवैद्यकांना कळवायचे.

सासूबाईंनी एकदा विचारले, "तिला एक वेत तरी होऊ द्यावं का? त्याशिवाय तब्येत नीट राहत नाही म्हणतात." तसे काही नाही. एका वेताने मादीच्या आरोग्याला कोणताही लाभ होत नाही आणि सातव्या वर्षी पहिले बाळंतपण हा जोखमीचा प्रकार आहे. उलट नसबंदी न झालेल्या वयस्क मादीला माज सरल्यानंतरच्या काही आठवड्यांत गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो. ती फार पाणी पिऊ लागली, मलूल झाली, उलट्या करू लागली किंवा दुर्गंधीयुक्त स्राव दिसला तर रात्र न काढता दवाखाना गाठायचा, हे मी त्यांना वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवायला लावले.

माज सरल्यावर आम्ही त्यांच्या मूळ प्रश्नाकडे आलो. नसबंदीने नराचे चढणे, भटकणे आणि जागोजागी लघवी करणे अनेकदा कमी होते, पण उत्साहातून किंवा सवयीतून होणारे चढणे उरू शकते. बंडूची वाढ पूर्ण झालेली होती, त्यामुळे त्याच्याबाबत पशुवैद्यकांना अडचण दिसली नाही. मोठ्या जातींत हा विचार महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये गोल्डन रिट्रीव्हर कुत्र्यांविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्षाच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये सांध्यांचे काही विकार अधिक आढळले होते. काळू मात्र भित्रा आहे. भीतीवर नसबंदी हे औषध नाही, म्हणून त्याचा आत्मविश्वास थोडा वाढेपर्यंत थांबायचे आम्ही ठरवले. राणीची शस्त्रक्रिया माजानंतर दोन-अडीच महिन्यांनी, गर्भाशयाचा वाढलेला रक्तपुरवठा ओसरल्यावर ठरली.

बंडूची शस्त्रक्रिया दसऱ्यानंतर झाली. टाके सुकल्यावरही काही आठवडे त्याच्यापासून गर्भ राहू शकतो आणि सवय तर त्याहून सावकाश ओसरते, हे मी त्यांना आधीच सांगितले होते. दिवाळीत भाच्याच्या पायाला त्याने एकदा मिठी मारलीच. या वेळी कोणी ओरडले नाही, भाचा उठून उभा राहिला आणि सुनेने बंडूला चटईवर बोलावले.

मार्गशीर्षात राणीच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला वहीचे शेवटचे पान पाठवले. सासूबाईंच्या अक्षरात त्यावर होते, 'सायंकाळी सहा. दूधवाला आला. बंडू चटईवर. काळू सोफ्यावर झोपला होता, उठला नाही.'