युद्धात प्राण गमावलेल्या सैनिकांचा जाहीर सन्मान राष्ट्रीय नेत्यांनी कसा करावा?

पुष्पचक्र, शोकधून, काही क्षणांची स्तब्धता हे शिष्टाचार बहुतेक देशांत नीट पाळले जातात, त्यामुळे त्यांविषयी फार लिहीत नाही. माझ्या मते खरा प्रश्न एवढाच आहे की अशा प्रसंगी नेता स्वतःला किती मागे ठेवू शकतो.

अमेरिकेतील गेटिसबर्गच्या रणभूमीवरील सैनिकांची दफनभूमी १९ नोव्हेंबर १८६३ रोजी समर्पित झाली, तेव्हा मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारे दोन तास बोलले आणि राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटे. यादवी युद्ध सुरूच होते, पुढची निवडणूक वर्षभरावर आली होती. तरीही लिंकन यांनी स्वतःच्या सरकारची बढाई मारली नाही की शत्रूला दूषणे दिली नाहीत. इथे लढलेल्यांनीच ही भूमी पावन केली आहे, आपल्याला त्यात भर घालता येणार नाही, असे सांगून त्यांनी अपुरे राहिलेले कार्य जिवंतांवर सोपवले. मृत सैनिकांची छायाचित्रे प्रचारसभेच्या मंचावर लावणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या नेत्याने हे भाषण एकदा तरी वाचावे, असे मला कळकळीने वाटते.

कुटुंबाची संमती ही दुसरी अट. अमेरिकेत मायदेशी येणाऱ्या सैनिकांच्या शवपेट्यांची छायाचित्रे घेण्यास १९९१ पासून बंदी होती. २००९ मध्ये ती उठवून निर्णय कुटुंबीयांवर सोपवण्यात आला, आणि तोच मार्ग मला योग्य वाटतो, कारण सरकारने मृत्यू दडवू नयेत आणि घरच्यांच्या इच्छेविरुद्ध त्यांचे प्रदर्शनही मांडू नये.

सर्वांत अधिक दुर्लक्ष होते ते नावांकडे. हुद्दा, वंश, धर्म न पाहता प्रत्येक मृताचा सारखाच सन्मान करावा, हे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धसमाधी आयोगाचे तत्त्व होते. प्रत्यक्षात पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधील माणसांची, नावे कोरलीच गेली नव्हती, हे २०२१ मध्ये त्याच आयोगाच्या अहवालाने मान्य केले आणि ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. शंभर वर्षे उशिरा का होईना, ही कबुली मला कोणत्याही पुष्पचक्राहून मोलाची वाटते. म्हणून स्मारकासमोर उभे राहण्यापूर्वी नेत्याने अधिकाऱ्यांकडून दोन याद्या मागवाव्यात: कोणाची नावे अजून कोरलेली नाहीत आणि कोणाच्या कुटुंबाचे निवृत्तिवेतन अजून अडले आहे.