घटस्फोट आधी की नादारी आधी?

इचलकरंजीच्या एका भगिनींचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पतीचा यंत्रमागाचा कारखाना त्यांच्या एकट्याच्या मालकीचा होता आणि तो आता बंद आहे. सूत व्यापाऱ्यांची उधारी, एका पतसंस्थेचे कर्ज आणि फ्लॅटचे गृहकर्ज असे सगळेच थकले आहे. फ्लॅट आणि गृहकर्ज दोघांच्या नावावर आहे. या भगिनी शिक्षिका असून दीड वर्षापासून नऊ वर्षांच्या मुलीसह मिरजेला माहेरी राहतात. पतीने परस्पर संमतीने घटस्फोटाची तयारी दाखवली आहे. फ्लॅटमधील आपला अर्धा हिस्सा तो बक्षीसपत्राने पत्नीला देणार, त्या बदल्यात तिने स्वतःची आणि मुलीची पोटगी सोडायची आणि मग तो नादारीचा, म्हणजे आपण कर्ज फेडण्यास असमर्थ आहोत असे न्यायालयाकडून ठरवून घेण्याचा, अर्ज करणार, असा त्याचा प्रस्ताव आहे. नादार माणसाला पोटगी द्यावीच लागत नाही, असेही तो सांगतो. या मसुद्यावर सही करावी का, असे त्यांनी विचारले आहे.

ताई, या मसुद्यावर कृपया सही करू नका. घटस्फोटाला माझा विरोध नाही, तो निर्णय आपला आहे. मात्र पती नादार ठरल्यावर टिकणार नाही असेच नेमके या मसुद्यात आपल्याला दिले जात आहे आणि जे टिकले असते ते सोडून द्यायला सांगितले जात आहे.

प्रथम बक्षीसपत्राविषयी. महाराष्ट्रात राहते घर पत्नीला बक्षीस देताना मूळ मुद्रांक शुल्क अवघे २०० रुपये असल्यामुळे हा मार्ग सोपा वाटतो. परंतु आपल्या पतीला मुंबईबाहेर लागू असलेला १९२० चा प्रांतिक नादारी कायदा लागू होईल. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरताच, १ डिसेंबर २०१९ पासून, अमलात आला आहे आणि पतीचा धंदा कंपनीच्या नावे नव्हता. या जुन्या कायद्याच्या कलम ५३ नुसार, हस्तांतरणानंतर दोन वर्षांच्या आत दाखल झालेल्या अर्जावर हस्तांतरण करणारा नादार ठरला, तर मोबदल्याविना केलेले ते हस्तांतरण नादाराची मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी न्यायालयाने नेमलेला अधिकारी, म्हणजे रिसीव्हर, रद्द करून घेऊ शकतो. सूत व्यापाऱ्यांचे वकील हे पहिल्याच तारखेला दाखवून देतील. पोटगी सोडणे हाच मोबदला आहे, असा युक्तिवाद करता येतो. पण दस्तावर बक्षीसपत्र असे लिहिले असेल आणि मोबदल्याचा त्यात उल्लेखच नसेल, तर तो युक्तिवाद फार लंगडा पडतो. फ्लॅटचा अर्धा हिस्सा परत गेला आणि पोटगीही सुटलेली, अशी आपली अवस्था होईल.

आता पोटगी. नादार झाल्यावर पोटगी द्यावी लागत नाही, हे पतीचे म्हणणे चूक आहे. नादाराची कर्जमुक्ती झाली तरी काही देणी सुटत नाहीत, त्यांची यादी याच १९२० च्या कायद्याच्या कलम ४४ मध्ये आहे. सरकारी देणी आणि फसवणुकीतून उद्भवलेली देणी यांच्याबरोबर तिथे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४८८ खालील पोटगीचा स्पष्ट उल्लेख आहे. ते कलम पुढे १२५ झाले आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ म्हणून अमलात आहे. संरक्षण शब्दशः या कलमाखालील आदेशाला आहे, म्हणून माझा आग्रह असा की मुलीच्या पोटगीसाठी केवळ समझोत्यातील एका ओळीवर विसंबून न राहता कलम १४४ खाली स्वतंत्र अर्ज करावा आणि तो आताच करावा. सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० च्या निकालात पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी आणि दोन्ही पक्षांनी मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र दाखल करावे, असे ठरवून दिले आहे. पतीने कोणाचे किती देणे आहे हे या प्रतिज्ञापत्रात शपथेवर लिहिले, की नादारीच्या अर्जात वेगळेच आकडे देणे त्याला अवघड जाईल. आपला स्वतःचा पगार असल्याने आपल्यासाठी मोठी रक्कम मिळेल अशी आशा मी दाखवणार नाही. परंतु मुलीचा हक्क हा मुलीचा आहे आणि तो आईच्या सहीने संपत नाही.

माझ्या मते आपला खरा धोका गृहकर्जात आहे आणि मसुद्यात त्याविषयी एक अक्षर नाही. आपण सहकर्जदार आहात, म्हणजे बँक संपूर्ण रक्कम आपल्या एकट्याकडूनही मागू शकते. हप्ते पती भरेल असे घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात लिहिले तरी बँक त्या दाव्यात पक्षकार नसल्याने तिच्यावर ते बंधनकारक नाही. आपण भरलेली रक्कम पतीकडून मागण्याचा हक्क तेवढा उरतो आणि नादार माणसाकडून ती मिळणार किती, हे वेगळे सांगायला नको. पतीला कर्जमुक्ती मिळाली तरी त्याच्याबरोबर संयुक्तपणे बांधलेली व्यक्ती किंवा जामीनदार मुक्त होत नाही, हेही त्याच नादारी कायद्यात लिहिले आहे. शिवाय घर तारण असल्याने नादारीमुळे बँकेचा हात अडत नाही. बँकेला न्यायालयात न जाता तारण मालमत्ता विकून वसुली करू देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची मागणी नोटीस आली असेल तर ती तारीख मला लगेच कळवा. बँकेच्या संमतीने फ्लॅट बाजारभावाने तिऱ्हाईताला विकून कर्ज फेडावे, बँकेचा बेबाकी (काही देणे उरले नसल्याचा) दाखला घ्यावा आणि आपला अर्धा हिस्सा आपल्या खात्यात घ्यावा, हे मला सर्वांत सुरक्षित वाटते. पतीच्या अर्ध्या हिश्श्यावर त्याच्या धनकोंचा दावा राहील, तो लपवण्याच्या खटपटीत आपण पडू नये.

पतसंस्थेच्या कर्जाला आपण जामीन आहात का, हे आपल्या पत्रातून स्पष्ट होत नाही. कागद पुढे केला आणि सही केली, असे आपण लिहिले आहे. कर्जखात्याचा उतारा आणि जामीनखताची प्रत लेखी अर्ज करून मागून घ्या. जामीन असाल तर सहकार कायद्याच्या कलम १०१ खालील वसुली दाखला आपल्याविरुद्धही निघू शकतो. पगारातून कपातीच्या संमतीपत्रावर आपण सही केली आहे का, तेही त्याच वेळी पाहून घ्या. तशी संमती नसेल, तर दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यात कर्जासाठी पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. म्हणजे ४६,००० रुपये पगार धरला तर दरमहा जास्तीत जास्त १५,००० रुपयांवर जप्ती येते. भविष्य निर्वाह निधीला हात लागत नाही. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला दिवाणी कैदेत टाकता येत नाही, तेव्हा अटक करवू अशी धमकी वसुलीवाल्याने दिली असेल तर ती मनातून काढून टाका. बँकेच्या वसुली एजंटांना सकाळी ८ च्या आधी आणि सायंकाळी ७ नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे.

स्त्रीधन आपले एकटीचे आहे. पतीच्या धनकोंना किंवा रिसीव्हरला त्यावर हक्क नाही. मात्र दागिने संयुक्त लॉकरमध्ये असतील, तर ते आपलेच आहेत हे आपल्याला सिद्ध करावे लागेल. पाटल्या, तोडे, मोहनमाळ असे एकेक नग वजनासह लिहून काढा, सराफाच्या पावत्या आणि लग्नातले फोटो जोडा आणि ही यादी घटस्फोटाच्या अर्जालाच परिशिष्ट म्हणून लावा.

आता क्रमाविषयी. दोन्ही प्रकरणे वेगवेगळ्या न्यायालयांत स्वतंत्रपणे चालतात आणि नादारीमुळे घटस्फोट थांबत नाही. आपण एका वर्षाहून अधिक काळ वेगळ्या राहत असल्याने हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खालील परस्पर संमतीच्या घटस्फोटाचा अर्ज आज करता येतो. दुसऱ्या टप्प्यापूर्वीचा सहा महिन्यांचा काळ योग्य प्रकरणात माफ होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटले आहे, परंतु आपल्या बाबतीत ती घाई मी करणार नाही. फ्लॅटची विक्री आणि बेबाकी दाखला हुकूमनाम्यापूर्वी हाती यावा, यासाठी हाच अवधी उपयोगी आहे. नादार ठरल्यावर पतीची मालमत्ता अर्जाच्या तारखेपासूनच रिसीव्हरकडे गेली असे मानले जाते आणि त्यानंतर पतीच्या एकट्याच्या सहीला किंमत राहत नाही. म्हणून नादारीचा अर्ज दाखल करण्यापूर्वी आपल्याला लेखी सूचना देण्याची अट घटस्फोटाच्या संमतीपत्रात घालून घ्यावी आणि प्रत्येक तारखेला त्याने तसा अर्ज केलेला नाही ना, याची खात्री करून घ्यावी.

वकिलाच्या खर्चाची चिंता आपण व्यक्त केली आहे. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्यासाठी सांगलीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज पुरतो. जाताना गृहकर्जाचे मंजुरीपत्र, खात्याचा अलीकडचा उतारा आणि पतीने पाठवलेला मसुदा घेऊन जा. तो मसुदा परत करू नका आणि त्यावर पोच म्हणूनही सही करू नका.