“आईवर गेला असेल का हो?”

रामबागेतल्या आजी तिसरीतल्या नातवाला घेऊन आल्या. तो बाहेर बाकावर बसल्यावर आवाज खाली करून म्हणाल्या, “ताई, कोथिंबीर, लिंबं, मिरच्या सांगाव्या तर हा नुसती लिंबं आणतो. सूनही अशीच हरवलेली असायची. आईवर गेला असेल का हो?” सुनेला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास-भ्रम होणारा मानसिक आजार आहे, औषधं चालू आहेत.

मी मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घेते. हा प्रश्न मला इंदूरभर विचारला जातो, बहुतेकदा असाच कुजबुजत.

चाचणी घेतली. गोष्ट सांगायला लावली तर गडी थांबेना. पण तीन अंक उलटे म्हणायला सांगितले की अडखळे, आणि चिन्हं जुळवताना घड्याळ पुढे पळे. म्हणजे बुद्धी कमी नव्हती. ऐकलेलं डोक्यात धरून ठेवणं आणि कामाचा वेग, एवढंच कच्चं.

आजींना मी काही लपवलं नाही. डेन्मार्कमध्ये सात वर्षांच्या ५२२ मुलांचा अभ्यास झाला. आई किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असलेली मुलं अशा कामांत सरासरीने मागे दिसली. बायपोलर, म्हणजे मन कधी अति उत्साही तर कधी अति उदास होण्याचा आजार, असलेल्यांची मुलं मात्र जवळपास इतरांसारखीच. पण सरासरी म्हणजे तुमचा नातू नव्हे. स्किझोफ्रेनियाचं म्हणाल तर आई-वडिलांपैकी एकाला असेल तेव्हा शंभरातल्या साधारण दहा मुलांना पुढे तो होतो, एरवी एखाद्याला. नव्वदांना होत नाही, हे आजींनी दोनदा वदवून घेतलं.

मला खरी काळजी वाटली ती वेगळीच. मुलगा मला हळूच म्हणाला, “मी दंगा करतो म्हणून आई रात्री बोलत बसते.” घरात त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं! आईची झोप तपासायला तो स्वतः जागत होता, मग वर्गात लक्ष कुठून लागणार? आईच्या डोक्याला आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, हे बाबांनी सांगायचं ठरलं. रात्री त्याने आजीजवळ झोपायचं. बाईंनी एका वेळी एकच सूचना द्यायची. आणि आजींनी “अगदी आईसारखा” हे बंद करायचं. त्यावर त्या जरा रुसल्या. जमणाऱ्या गोष्टी अचानक जमेनाशा झाल्या, मुलगा एकटा राहू लागला, तर मात्र लगेच या, असंही सांगितलं.

परवा आजींचा फोन आला. “चिठ्ठी दिली की तिन्ही आणतो. पण सुटे पैसे दुकानातच विसरतो.”

“आमच्याकडे हे यजमान करतात,” मी म्हटलं.